गोंड्याचा तरवा

गोंड्याला काही लागत नाही. ऊन लागतं, बस. गोंडा म्हणजे झेंडू, पण मी लहानपणापासून घरात गोंडाच ऐकत आले, त्यामुळे मी गोंडाच म्हणणार. गुलाबासारखे त्याचे नखरे नसतात. गेल्या वर्षीचं एक वाळकं फूल चुरगाळून मातीत टाकलं की चार-पाच दिवसांत हिरवी लव दिसायला लागते. वीतभर वाढला की शेंडा खुडायचा, म्हणजे तो फुटतो आणि पसरतो. दोन-अडीच महिन्यांत फुलं, मग झाड वाळतं आणि वाळता वाळता पुढच्या वर्षाचं बी देऊन जातं. सगळा जन्म शाळेच्या कचेरीत खर्डेघाशी करण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या बाईलाही ते जमलं, यावरूनच काय ते ओळखा.

आमच्या अंगणात दुसरं काही जमण्यासारखंही नव्हतं. घर रत्नागिरीच्या बाहेर, उताराच्या माथ्यावर, कातळावर. खाली जांभा, वर वीतभर माती, तीही दोन ट्रक ओतून घेतलेली. घरामागे एक नारळ जगला तेवढाच, अंगणात सावलीला एक झाड नाही. सकाळी अंगणात ऊन शिरतं ते संध्याकाळपर्यंत हलायचं नाव घेत नाही. घर बांधलं तेव्हा बघायला आलेले पाहुणे म्हणाले, इथे काय लावणार तुम्ही, कपाळ? मी गोंडा लावला. दसऱ्याला दारावर तोरण घरचं, गाडीला हार घरचा, शेजारी ताटभर फुलं. मला त्याची घमेंड होती. अजूनही थोडी आहे.

आमचे हे लोट्याला एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. माझी नोकरी रत्नागिरीत, ह्यांची तिकडे, त्यामुळे ह्यांनी तिथे खोली घेतली आणि सुट्टीच्या दिवशी घरी यायचे. रात्रपाळी करून आलेला माणूस घरी येऊन काय करणार? झोपणार. उठला की जेवणार, आणि एसटी पकडणार. तीस-बत्तीस वर्षं असा संसार केला आम्ही. मुलगा मोठा झाला, शिकला, बदलापूरला नोकरीला लागला, तरी मला ह्यांची सकाळच्या चहाची वेळ ठाऊक नव्हती. ती मला हे निवृत्त झाल्यावर कळली. सव्वासहा. दोन वर्षं आम्ही सव्वासहाला एकत्र चहा प्यायलो. ती दोन वर्षं चांगली गेली, आणि मला वाटलं होतं आता अशी वीस तरी जातील.

मग हे विसरायला लागले. आधी गॅस बंद करायचे विसरले, मग जेवल्याचं विसरले, मग मी कोण ते अधूनमधून विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, मेंदू आक्रसत चाललाय, गोळ्यांनी थांबत नाही, झालाच तर वेग कमी होतो. एकदा हे घरातून निघून एसटी स्टँडवर सापडले. दुसऱ्यांदा सापडायला पाच तास लागले. पार मालगुंडच्या रस्त्याला एका दुकानाच्या पायरीवर बसले होते, पायात चप्पल नाही, आणि मला बघून हात जोडून नमस्कार केला.

मुलगा रजा टाकून आला. मुलगा वाईट नाही. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण बायका निम्मी गोष्ट ऐकूनच त्याला नावं ठेवायला लागतात. तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, अजून एकदा बाबा असे गेले ना, तर मी त्यांना पनवेलच्या बाजूला एक संस्था आहे तिथे ठेवणार. मी चौकशी केलीय. चांगली आहे."

"मेल्यावर ठेव," मी म्हणाले.

"मेल्यावर नाही ठेवत गं कुणी," तो म्हणाला. "एकदा. अजून एकदाच."

मी शब्द दिला. म्हटलं, जाणार नाहीत, मी बघते. फाटकाला लोखंडी कडी होती, तिला वरून तार गुंडाळायला लागले. हे घरात राहिले पाहिजेत, एवढंच. उभा जन्म लोट्याला दिला, आता पनवेलला देऊ? माझ्या वाटणीला काही यायला नको?

त्या वर्षी आषाढात मी नेहमीप्रमाणे गोंडा पेरला. पावसात बी कुजतं म्हणून वाफा उंच करायचा, त्यावर जुनी मच्छरदाणी ताणायची, गोगलगाईंसाठी कडेने राख टाकायची. महिन्याभरात रोपं बोट-दीड बोट झाली. एका सकाळी मी न्हाऊन बाहेर आले तर वाफा बोडका! एक रोप नाही. मच्छरदाणी बाजूला काढून ठेवलेली आणि हे चिखलात उकिडवे बसलेले, हात कोपरापर्यंत बरबटलेले. बाजूला सगळी रोपं उपटून मांडलेली.

माझं डोकं फिरलं. आठ-आठ दिवस धड झोप नाही, अंथरुणं बदलतेय, घास भरवतेय, आणि जगात माझं म्हणून एक काय ते होतं, तेही उपटलं. "अहो, काय केलंत हे!" म्हणून मी ओरडले आणि ह्यांच्या हातावर फटका मारला. चांगला जोरात. आवाज आला.

ह्यांनी हात मागे घेतला, उभे राहिले, मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं साहेब."

मी आत जाऊन मोरीत बसले. 

आमच्याकडे धुण्याभांड्याला लांज्याकडच्या एक मावशी यायच्या, साठीच्या, हाडकुळ्या. त्या आल्या, त्यांनी अंगण पाहिलं, आणि मी तक्रार सुरू करायच्या आत खाली वाकून त्या रोपांपाशी बसल्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "भाऊंनी नुकसान नाय केलेलं. हे बघा तरी."

तेव्हा मी पाहिलं. रोपं भिरकावलेली नव्हती. मूठ-मूठ जुळवून, मुळं एका रेषेत धरून, प्रत्येक मूठ नारळाच्या हिरव्या पातीने बांधलेली. मुळांची माती झटकून स्वच्छ केलेली. एकही मूळ तुटलेलं नाही. अशा अकरा मुठी ओळीने मांडल्या होत्या.

"तरवा काढलाय भाऊंनी," मावशी म्हणाल्या. "भाताचा काढतात तसा. ही गाठ बघा. आमचा बापूस अशीच मारायचा."

मी शहरातली, कारकुनाची मुलगी. भात मला पातेल्यातला ठाऊक. मावशींनी सांगितलं ते असं, की भाताची रोपं आधी एका तुकड्यात दाट उगवतात, तो तरवा. वीतभर झाला की उपटायचा, पायाच्या घोट्यावर आपटून मुळांची माती झटकायची, मुठी बांधायच्या, आणि मग चिखल केलेल्या शेतात नेऊन एक-एक रोप लावायचं. घरातल्या पुरुषांनी, पोरांनी पहाटेपासून तरवा काढायचा आणि बायांनी लावत जायचं. हे कारखान्यात लागले अठराव्या वर्षी. त्याआधीचे सगळे आषाढ ह्यांनी गावच्या शेतात हेच केलं असणार. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ह्यांना काय येतं ते मला मावशींनी सांगितलं.

"मग आता काय करू?" मी विचारलं.

"काय करू म्हंजे? लावा. वाट बगतायत ते."

खरंच हे भिंतीशी उभे राहून वाट बघत होते. मी एक मूठ उचलली तर चेहरा असा खुलला की मला स्वतःच्या हाताची लाज वाटली. त्याच हाताने फटका मारला होता.

त्या दिवशी मी आणि मावशींनी मिळून सगळा गोंडा लावला. हाताहाताच्या अंतरावर, कुंपणापर्यंत. गोंड्याला ते मानवतंच, जागा बदलली की तो उलट जोम धरतो. एक रोप मेलं नाही. हे पाठीमागून बघत होते आणि मधूनच गावच्या बोलीत म्हणत होते, "दाट नको गो. दाट नको."

पुढचे तीन महिने मला देवाने उसने दिल्यासारखे गेले. मी पंधरा दिवसांनी नवा वाफा पेरायला लागले. रोपं कोवळी असली तर हे उपटायचे नाहीत, नेमकी वेळ कळायची. गॅस कुठला, पंखा कुठला ते कळत नव्हतं, पण रोप काढायला आलं की नाही ते बोट लावून कळायचं. सकाळी वाफ्याशी बसले की दोन-अडीच तास गुंग. मला तेवढ्यात स्वयंपाक करता यायचा, केस विंचरता यायचे. दुपारी हे पोटभर जेवायचे आणि शांत झोपायचे. फाटकाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

गणपती झाले, आकाश उघडलं आणि ऊन आलं. दसऱ्याला आमचं अंगण बघायला लोक थांबायला लागले. पिवळा आणि केशरी, कंबरेएवढा, फाटकापासून पायरीपर्यंत. मुलगा सहकुटुंब आला होता. त्याने बाबांना वाफ्यात बसून काम करताना पाहिलं आणि गॅलरीत जाऊन डोळे पुसून आला. मला म्हणाला, "आई, तू ग्रेट आहेस." मी म्हणाले, "मग? तुझं पनवेल ठेव तुझ्यापाशी." अशी मिजास होती माझी.

आणि इथेच मी चुकले. लावणी म्हणजे पंधरा-वीस दिवसांचं काम असतं, मग ती संपते. माणसं आंघोळ करतात, गोडाधोडाचं खातात, पाठ टेकतात. मी ती संपूच दिली नाही. मला ते दोन-अडीच तास हवे होते. कार्तिकात पेरलं, मार्गशीर्षात पेरलं, पौषात पेरलं. गोंड्याला काय, ऊन असलं की तो बारा महिने उगवतो. पण अंगणाला काही बारा महिने नव्या रोपांची जागा नव्हती. शेजारच्या काकूंना रोपं देऊन झाली, त्यांच्या जावेला झाली, मावशी पिशव्या भरभरून घेऊन गेल्या. मग कुणी घेईना. मग मी काय करायची, हे दुपारी झोपले की त्या मुठी उचलून घरामागे खड्ड्यात टाकायची. पालापाचोळ्यात. उठल्यावर हे विचारायचे, "लागला काय सगळा?" मी म्हणायची, "लागला."

माघात एका दुपारी ह्यांना झोप आली नाही. मी खड्ड्यापाशी उभी, हातात चार मुठी, आणि वळून बघते तर हे मागच्या दारात.

हे खड्ड्याच्या कडेला आले, वाकून बघितलं. खाली महिन्याभराच्या मुठी, काही कुजलेल्या, काहींच्या पातीच्या गाठी अजून हिरव्या. ह्यांनी एक मूठ उचलली, ती हातात पचकन विरघळली. मी कित्येक गोष्टींसाठी ह्यांची बोलणी खाल्ली आहेत, पण त्या दिवशी हे माझ्याकडे जसं बघत होते तसं आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मी मावशींना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाई! तरवा टाकलाव? तरवा टाकला म्हंजे वर्साचा भात गेला हो घराचा. माणूस वेडा झाला तरी हे कसं विसरंल?"

मला काय ठाऊक! मी गोंडा टाकत होते. ह्यांच्या लेखी मी घराचं वर्षभराचं अन्न खड्ड्यात घालत होते, आणि वर तोंड करून "लागला" म्हणून सांगत होते.

त्यानंतर ह्यांनी माझ्या हातात मूठ दिली नाही. काम थांबवलं नाही, पण काढलेला तरवा आत आणून पलंगाखाली ठेवायला लागले, ओल्या फडक्यात गुंडाळून. मी काढायला गेले की माझं मनगट धरायचे. धरायचे म्हणजे हाडं कडकडतील असं. जेवण मावशींनी वाढलं तर जेवायचे, मी वाढलं तर ताट सरकवायचे. दिवसातून दहादा पायरीवर येऊन उताराखाली बघायचे आणि विचारायचे, "चिखल झाला काय?" मी म्हणायची, "अहो, फाल्गुन आलाय, कसला चिखल?" प्रश्न मला नसायचाच तो, त्यामुळे उत्तर ऐकूनही घ्यायचे नाहीत. मी नवा वाफा पेरायचा बंद केला, तर आधीचे दोन वाफे होतेच. रात्री पाण्यासाठी उठवायचे ते बंद केलं, स्वतः उठून सांडलवंड करायला लागले. मी चिडायची, ओरडायची, मग रडायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, काही दिवस मुलाकडे जाऊन या. मी म्हणाले, आणि ह्यांना काय काखोटीला मारू?

त्या दिवशी सकाळी नारळ पाडणारा येऊन गेला होता. त्याच्या मागे फाटकाची कडी लावली, पण वरची तार गुंडाळायची राहिली. ती खरीखुरी चूक. विसरले. त्याच्याबद्दल मला फार वाटत नाही.

दुपारी पावणेचारला मी चहा टाकला. हे बाहेर वाफ्याशी आहेत असं बघून आत आले होते. चहा कपात ओतला, त्याला वाफ येत होती. तुम्हाला यात काही वाटणार नाही, पण मी कित्येक महिन्यांत गरम चहा प्यायले नव्हते. ओतला की हाक, ओतला की काहीतरी पडलं, ओतला की अंथरूण ओलं. मी स्टुलावर बसले आणि पहिला घोट घेतला. तेव्हा कडी वाजली.

लोखंडाची कडी आहे. तिच्यासारखा दुसरा आवाज त्या घरात नाही. मला कळलं. वाऱ्याने वाजली असेल, मांजर असेल, असलं काही मनात आलं नाही. फाटक उघडलं, हे बाहेर पडले, हे मला स्वच्छ कळलं.

मी उठले नाही. मनात आलं, जातील शेजारच्या कुंपणापर्यंत, बघेल कुणीतरी. पाच मिनिटं दुसऱ्या कुणीतरी बघू दे. आणि त्याच्याही खाली आणखी एक आलं, की जाऊ देत. आलं, म्हणून लिहितेय. मी तो चहा घोटाघोटाने, शेवटपर्यंत, चवीने प्यायले. कप विसळला, पालथा घातला. मग बाहेर गेले.

पलंगाखालच्या मुठी नव्हत्या. शेजारच्या काकू वाळवण उचलत होत्या, त्या म्हणाल्या, "मघाशी तर खाली उतरताना दिसले, खांद्यावर फडक्याचं ओझं होतं. मला वाटलं तुम्ही मागून येताय."

उताराच्या तळाशी खाडी आहे. आम्ही राहतो तिथून पाच-सात मिनिटं, धावत गेलं तर तीन-चार. फाल्गुनात आमच्या बाजूला सगळं कसं कोरडं ठणठणीत असतं, शेतं भेगाळलेली, कातळ तापलेला. लावणीचा चिखल म्हणाल तर एकाच ठिकाणी असतो. ओहोटीला उघडं पडतं त्या खाजणात. ह्यांना तो बरोबर सापडला होता.

मी बांधावर पोचले तेव्हा पलीकडे कालवं-शिंपले काढणाऱ्या दोन बायका उभ्या राहून हाका मारत होत्या. हे गुडघाभर चिखलात वाकलेले. लावणी करत होते. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने एक-एक रोप चिखलात खोचायचं, आणि एक पाऊल मागे. लावणी करणारा माणूस मागे मागे सरकतो, लावलेलं पायाखाली येऊ नये म्हणून. हे तोंड किनाऱ्याकडे करून मागे सरकत होते. पाठीमागे खाडी होती, आणि भरती लागली होती.

"अहो, थांबा! मागे पाणी आहे!" मी किंचाळले. ह्यांनी वर बघितलं नाही. चार ओळी लावून झाल्या होत्या, एकदम सरळ, दोरी धरल्यासारख्या. पाचवी लावत होते आणि पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. मी चिखलात उतरले तर दोन पावलांत रुतले. त्या बायकांपैकी एकीने मला मागून धरलं आणि दुसरीने ओरडून होडीवाल्याला बोलावलं. त्याला यायला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. तोवर मी बघत होते. पाणी छातीला लागलं तेव्हाही हे वाकत होते, वाकले की तोंड पाण्यात जायचं, वर यायचे, ठसकायचे आणि पुन्हा वाकायचे.

होडीवाल्याने काखेत धरून वर ओढलं तेव्हा ह्यांनी त्याला ढकलून दिलं. "दोन मुठी ऱ्हायल्यात," म्हणत होते. "दोनच हायत रे."

छातीत खारं पाणी आणि गाळ गेला होता. नऊ दिवस इस्पितळात होते, त्यातले चार ऑक्सिजनवर. मुलगा तिसऱ्या दिवशी बाकावर माझ्या शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "आई, कडी उघडी कशी राहिली गं?"

"नारळवाला येऊन गेला होता," मी म्हणाले. "तार लावायची विसरले."

"तुझी काही चूक नाही," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसला. मला वाटलं, ह्याने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तरीही मी तोंड उघडलं नाही. तो म्हणाला, "पण आता मी ऐकणार नाही." मी म्हणाले, "नको ऐकूस." मला भांडायला तोंड कुठे होतं? मी कुठल्या तोंडाने सांगणार होते की मी बघते त्यांना, ठेव माझ्यापाशी?

ह्यांना पनवेलच्या त्या संस्थेत नेलं त्याला आता वर्ष होईल. मुलगा खोटं बोलला नव्हता, जागा चांगली आहे. स्वच्छ कपडे, वेळेवर जेवण, नखं कापलेली. ह्यांचं वजन वाढलंय. तिथली मुलगी सांगते की आजोबांचा काही त्रास नाही, दिवसभर नुसते बसून असतात. अंगण आहे, पण सगळं फरशीचं. मी महिन्यातून एकदा रेल्वेने जाते, तासभर शेजारी बसते आणि परत येते. इथे गोंडा मी आता लावत नाही, पण त्याला कुठे कळतं? पडलेल्या बियांतून आपला आपण उगवतो, दाटीवाटीने, आणि कुणी विरळ करत नाही म्हणून किडकिडीत वाढतो.

गेल्या खेपेला आम्ही दोघेच बाकावर होतो. बाकीची माणसं जेवणघरात होती. मी इकडेतिकडे बघितलं आणि ह्यांना सांगून टाकलं. म्हटलं, "मी कडी ऐकली होती. मला कळलं होतं तुम्ही निघालात ते. मी चहा पीत बसले." वर्षभर हे वाक्य मी एकटीने इतक्यांदा म्हटलं होतं की ते पाठ म्हटल्यासारखंच बाहेर आलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. नीट, आदराने, परक्या बाईकडे बघतात तसं. माझे डोळे भरलेले ह्यांना दिसले असणार, कारण थोडं माझ्याकडे झुकून विचारलं, "तुमचं कोण असतं इथं?"

"नवरा," मी म्हणाले.

"फार आजारी आहेत का?"

"नाही. तब्येत चांगली आहे आता."

हे मग म्हणाले, "तब्येत चांगली आहे तर इथं कशाला ठेवलंत हो? घरी न्या त्यांना."

"नेते," मी म्हणाले, आणि पिशवी उचलून साडेतीनच्या गाडीसाठी निघाले.